अर्ध्या तोंडाची रजा

मेंदूच्या नसांच्या बारा जोड्या. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांसारखं प्रत्येकीचं काम ठरलेलं. पहिलीकडे वास, दुसरीकडे नजर, आठवीकडे ऐकणं आणि तोल. माझा राग चेहरा हलवणाऱ्या सातवीवर, कारण ती रुसली की चारचौघांत दिसतं.

सकाळी चूळ भरावी तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर. अर्धं तोंड रजेवर! लगेच गल्ली निदान करायला हजर. "यष्टीत खिडकीला बसलतास का दादा? वारं गेलं!" वाऱ्याचा काही गुन्हा नसतो. कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीत ही नस सुजते, बहुधा हर्पीसच्या विषाणूमुळे, आणि हाड काही सरकून जागा देत नाही. याला म्हणतात बेल्स पाल्सी.

झटका मेंदूचा की नुसत्या नसेचा, हे कपाळ सांगतं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी आठ्या बहुधा शाबूत राहतात. बेल्समध्ये मात्र दुष्काळी मुलखात न सांगता पडणाऱ्या आठ्या त्या बाजूला सांगूनही पडत नाहीत. हातपाय लुळे पडले, जीभ अडखळली, तर कपाळ बघत बसू नका, गाडी काढा.

स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात. (साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गोळीने साखर चढते.) आपल्याकडे त्यातला एक दिवस तेल चोळण्यात जातो, दुसरा इलाजासाठी कबुतर शोधण्यात, तिसरा 'हमखास' झाडपाल्यावाल्याच्या रांगेत. तोवर न मिटणारा डोळा आपल्या उन्हात आणि फुफाट्यात उघडाच. खरा धोका तिथे आहे, बुबुळाला जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीने बंद, एवढं चुकवू नका.

भाकरी चावता येते, ते खातं पाचवीचं. पण गालाचा स्नायू सातवीचा, म्हणून घास गालातच मुक्काम करतो. बोटाने काढावा लागतो. जिभेच्या पुढच्या भागाची चव जाते. कानातला आवाज दाबणारा चिमुकला स्नायूही हिचाच, त्यामुळे वरातीचा डीजे दुप्पट वाजतो.

गंमत अशी की औषध न घेताही १०० पैकी साधारण ७० जण पूर्ण बरे होतात. त्यांचं श्रेय झाडपाल्याला, उरलेल्या ३० जणांचं खापर डॉक्टरांवर! त्या ३०मधल्या काहींच्या नसेचे धागे वाढताना वाट चुकतात. लाळेसाठी निघालेला धागा अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन भिडतो. मग जेवताना एकाच डोळ्यातून पाणी वाहतं आणि घरचे ठेचा करणारीला बोल लावतात.