घरात एमबीबीएसवाली पोर आहे? मग तिची ब्रांच तुम्हीच ठरवा

गणपतीला गावी आलेली पोर इंटर्न असेल तर तिने बॅग खाली ठेवायच्या आत विचारा, "पुढे काय घेणार?" म्हणजे एमबीबीएसनंतर कुठल्या ब्रांचमध्ये स्पेशलायझेशन. आमच्याकडे ही ड्युटी काकांची. यंदा त्यांनी जी काही सेवा केलीय ती बघून वाटलं, बाकीच्या घरांनाही पद्धत कळू दे.

आधी पुरावा गोळा करा. पोरगी आईला फोनवर काय सांगते तिकडे कान ठेवा. आमच्या घरची ती पोरगी मीच. मी आईला सांगितलं होतं की रात्री तीनला कॅज्युअल्टीत हायवेच्या खड्ड्यात आपटलेला बाइकवाला आला, हनुवटी फाटलेली, पहिल्यांदाच एकटीने टाके घालत होते आणि सुई धरायचा नीडल होल्डर असा थरथरत होता की सुई जखमेच्या कडेतून जायच्या ऐवजी नुसती टोचत होती. दोन-तीन टाक्यांनंतर हात स्थिर झाला, हेही सांगितलं होतं. तेवढं वाडीत पोचलं नाही.

मग आरती झाली की भर खळ्यात, म्हणजे अंगणात, प्रसादाची वाटी हातात असताना निदान जाहीर करा. "काय गो, हात कापता ना तुझो? मगे सर्जरी कशाक? स्किन घे, टेन्शन नाय."

पोरगी रडली तर पीडियाट्रिक्स नको, मन हळवं. नाही रडली तर पॅथॉलॉजी, दगड आहे.

सायकियाट्री म्हणाली तर लग्नाचं बघा आधी.

अॅनेस्थेशिया? गुंगीच्या डॉक्टरचं नाव कोण विचारतं!

अॅड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर शरीरात उसळणारं हार्मोन, वगैरे वाचायच्या भानगडीत पडू नका. घाबरल्यावर छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, बोटं थरथरतात, हे पुढे सर्जन होणाऱ्यालाही होतं आणि स्किनवाल्यालाही, सवयीने कमी होतं आणि रात्रभर झोप नसेल, पोटात नुसता चहा असेल तर वाढतं, त्यावरून ब्रांच ठरत असती तर नीट पीजीची प्रवेश परीक्षा कशाला, सगळ्यांना हात पुढे करायला लावा आणि सीटा वाटून टाका. विंचवाचं विषही शरीरात हेच अॅड्रेनालिन उसळवतं, त्यावर प्राझोसिन हे औषध देऊन महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातली माणसं वाचवली, नशीब त्यांना कुणी टेन्शन नको म्हणून स्किनला नाही बसवलं.

ड्युटीचे तास मात्र चुकूनही विचारू नका. हॉस्पिटलात राबत पीजी शिकणारे डॉक्टर म्हणजे रेसिडेंट, त्यांच्यासाठीच्या केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय दिवसाला 12 तास, आठवड्याला 48. 2024 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने म्हटलं, आठवड्याला 74 च्या वर नको. म्हणजे उपाय म्हणून 74! आणि वॉर्डात सलग 36 तास उभे असलेले रेसिडेंट आम्ही रोज बघतो. कागद झोपलाय, रेसिडेंट जागा आहे. नीट पीजी 23 जून 2024 ला होती, पुढे ढकलल्याचं कळलं 22 च्या रात्री, तोवर पोरं परगावच्या सेंटरला जाऊन लॉज घेऊन बसली होती, झाली कधी तर 11 ऑगस्टला. वर सरकारी सेवेचा बाँड आहेच. पण दोष कुणाचा, तर हाताचा!

पुरे आता. काका, ब्रांच मिळते रँकवर, कॅटेगरीवर, त्या राउंडला काय उरलंय त्यावर आणि जमलं तर आवडीवर, खळ्यात प्रसादाबरोबर वाटत नाहीत. आणि पोरगी आईला भीती वाटली म्हणून सांगते ते चारचौघांत काढायला लाज वाटायला हवी होती, कारण पुढच्या वेळी ती सांगणार नाही, मी तर नाहीच सांगणार. अशीच पोरं गप्प होत जातात आणि मग पेपरात बातमी आली की तुम्हीच विचारता, अरे कुणाशी बोलला का नाही? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, तो तरी ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगची फुलं रोज टाकता तसा. माझी ब्रांच मी बघते. सर्जरीच घेणार, रँक आली तर.