कच्चा माल, कलम ११ आणि परवान्याची खिडकी

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा गटातल्या, धातूंवर निर्यातबंदी घातली, असं त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी छापून आलं. बंदी नव्हतीच. सॅमॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यट्रियम या सातांसाठी आणि ते वापरून केलेल्या चुंबकांसाठी निर्यात परवाना लागेल, एवढंच जाहीर झालं होतं. हा शब्दांचा कीस नाही. कच्च्या मालाच्या व्यापारातली सगळी गोम या फरकात आहे, आणि कच्चा माल सगळ्या देशांना मिळावा, 'न्याय्य प्रवेश' हवा वगैरे भाषणांमध्ये नेमकी तीच सुटते.

बंदी सगळ्यांना दिसते. तारीख असते, अधिसूचना असते, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. परवान्यात मात्र कोणी नाही म्हणत नाही, फक्त अजून हो म्हटलेलं नसतं. अर्ज विचाराधीन असतो. अंतिम वापरकर्ता कोण, माल कुठल्या यंत्रात बसणार, पुढे कोणाला विकला जाणार, हे सगळं भरून द्यायचं आणि थांबायचं. चीनच्या नियमात निर्णयाची मुदत ४५ कामकाजाचे दिवस आहे, म्हणजे कॅलेंडरवर दोन महिन्यांच्या वर. चुंबकांचा साठा तीन-चार आठवड्यांचा ठेवून चालणाऱ्या वाहन कारखान्याला बंदी काय आणि हे काय, सारखंच. २०२५ च्या मे-जूनमध्ये काही वाहन कंपन्यांना उत्पादन थांबवावं लागलं ते याच खिडकीमुळे.

नियम काय सांगतो? गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचं कलम ११ म्हणतं की बंदी, कोटा, परवाना, कुठल्याही मार्गाने आयात किंवा निर्यात अडवू नका. कर लावायचा तर लावा. म्हणजे परवान्याचंही नाव त्यात आहे. पण 'आम्ही अडवत नाही, फक्त तपासतो' असं म्हणणाऱ्या सरकारविरुद्ध अडवणूक सिद्ध करणं कठीण, आणि मामला राष्ट्रीय सुरक्षेचा आहे असं म्हटलं की कलम २१ ची ढाल पुढे येते. निर्यातशुल्काला तर मूळ करारात जवळजवळ मोकळं रान आहे. आयातशुल्काच्या कमाल मर्यादा देशांनी लिहून दिल्या, निर्यातशुल्काच्या बहुतेकांनी दिल्याच नाहीत. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा मात्र त्याच्याकडून ८४ वस्तू सोडून सर्व निर्यातशुल्क काढण्याचं वचन घेतलं गेलं. आधी आत बसलेल्यांना एक नियम आणि उशिरा आलेल्याला दुसरा. हे खटकायला हवं, पण खरेदीदार देशांच्या निवेदनांत त्याचा उल्लेख सापडत नाही.

त्या वचनावरच चीन दोनदा हरला. पहिला खटला २००९ चा: अमेरिका, युरोपीय संघ आणि मेक्सिको विरुद्ध चीन. बॉक्साइट, कोक, फ्लोरस्पार, मॅग्नेशियम, मँगनीज, सिलिकॉन कार्बाइड, सिलिकॉन धातू, पिवळा फॉस्फरस आणि जस्त असे नऊ माल. चीनचा बचाव पर्यावरणाचा होता: खनिजं संपणारी आहेत, खाणकामाने नद्या नासतात. मुद्दा खोटा नव्हता. पण अशा कारणांसाठी असलेली गॅटच्या कलम २० ची सवलत हवी असेल तर तोच लगाम घरच्या वापरावर आणि उत्पादनावरही लावावा लागतो. बाहेरच्याला कोटा आणि घरच्या कारखान्याला हवा तेवढा माल, याला संवर्धन म्हणत नाहीत. निर्यातशुल्काच्या बाबतीत तर निकाल असा लागला की प्रवेशाच्या वेळच्या त्या वचनाला कलम २० चा बचाव लागूच होत नाही.

दुसरा खटला रेअर अर्थचा. मार्च २०१२ मध्ये तक्रार, ऑगस्ट २०१४ मध्ये अपील मंडळाचा निकाल, जानेवारी २०१५ मध्ये कोटा रद्द, मे २०१५ मध्ये निर्यातशुल्क रद्द. कागदावर पूर्ण विजय. पण २०११ मध्ये आभाळाला भिडलेले भाव तोवर कोसळले होते, आणि कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण चालवणारी मोलिकॉर्प कर्जाच्या ओझ्याखाली जून २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. निर्यातशुल्क रद्द झालं, त्याच्या पुढच्याच महिन्यात खाण बुडाली. जागतिक व्यापार संघटनेचा निकाल मागची भरपाई देत नाही, फक्त पुढे सुधारा म्हणतो. भाव चढल्यावर खाण काढायची, भाव पडल्यावर ती सोडून द्यायची, या खेळात कायद्याचा काटा नेहमीच मागे राहतो.

जपानने मात्र निकालाची वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये चीनशी वाद असलेल्या सेंकाकू बेटांजवळच्या बोटींच्या टकरीनंतर चीनकडून येणारा पुरवठा अडला, आणि २०११ मध्ये जपानच्या सरकारी खनिज संस्थेने आणि सोजित्झ या व्यापारी कंपनीने मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीत २५ कोटी डॉलर घातले, बदल्यात दीर्घ मुदतीचा माल बांधून घेतला. माउंट वेल्डची खाण ऑस्ट्रेलियात, शुद्धीकरण मलेशियात. भाव पडले तेव्हाही पैसा काढून घेतला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वागणं एवढं एकच होतं.

आता दुसऱ्या बाजूचं. माल ज्याच्या जमिनीत आहे त्याने तो कच्चाच का विकावा? इंडोनेशियाच्या निकेलकडे बघा, फक्त घोषणांऐवजी जहाजाच्या पोटात डोकावून. उष्ण कटिबंधातलं निकेल मातीसारख्या थरांत सापडतं. वरच्या लिमोनाइट थरात लोह जास्त आणि निकेल एक-दीड टक्का, खालच्या सॅप्रोलाइटमध्ये दीड-दोन टक्के. माल ओला असतो. ५०,००० टनांचं जहाज भरलं आणि त्यात ३५ टक्के पाणी धरलं, तर कोरडा माल ३२,५०० टन. १.७ टक्क्यांनी त्यात निकेल निघतं साधारण ५५० टन. बाकी सगळं पाणी आणि माती समुद्रापार नेण्याचं भाडं. शिवाय ओलावा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लाटांच्या हादऱ्यांनी ही माती जहाजाच्या पोटात चिखलासारखी वाहू लागते, एका बाजूला सरकते आणि जहाज कलंडतं. अशी जहाजं खलाशांसकट बुडाली आहेत, म्हणून माल चढवण्याआधी ओलाव्याचा दाखला घ्यावा लागतो. असा माल खाणीशेजारीच वितळवावा, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

इंडोनेशियाने २००९ मध्ये कायदा केला, जानेवारी २०१४ मध्ये कच्च्या निकेलची निर्यात थांबवली, २०१७ मध्ये थोडी सैल केली आणि १ जानेवारी २०२० पासून पुन्हा बंद केली. चिनी कंपन्यांनी तिथे भट्ट्या टाकल्या. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तिथल्या खाणींतून निघतं. युरोपीय संघाने खटला भरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये जिंकलाही. इंडोनेशियाने डिसेंबरमध्ये अपील केलं. अपील मंडळ? ते डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प, कारण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. ऐकायला कोणी नाही म्हणजे निकाल अंतिम होत नाही, आणि निकाल अंतिम नाही म्हणजे बंदी चालूच.

पण यावरून 'बंदी घाला, कारखाने येतील' असं सूत्र काढणाऱ्यांनी थोडं थांबावं. निकेलमध्ये ते जमलं कारण माल हलक्या प्रतीचा होता, बाजारातला वाटा मोठा होता आणि भट्टीसाठी कोळसा घरचाच होता. त्या कोळशाचा धूर, तोडलेलं जंगल आणि आम्ल वापरून निकेल काढल्यावर उरणारा गाळ हा हिशेब वेगळा. बॉक्साइटचं गणित बघा. ढोबळमानाने चार-पाच टन बॉक्साइटपासून दोन टन अ‍ॅल्युमिना, त्यापासून एक टन अ‍ॅल्युमिनियम, आणि या शेवटच्या पायरीला १३,००० ते १५,००० युनिट वीज. अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना खाणीकडे नाही, स्वस्त विजेकडे जातो. खाणीवर कितीही कुलपं घाला. तांब्याचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडमाती काढून टाकलेली खनिजाची पूड, २५-३० टक्क्यांचं असतं, ते जहाजाने नेणं परवडतं. तिथे स्मेल्टर, म्हणजे धातू गाळणारा कारखाना, खाणीजवळच हवा असं नाही. शिवाय स्मेल्टरांची संख्या इतकी वाढली आहे की माल गाळून देण्याची मजुरी २०२४ च्या वार्षिक करारात टनाला ८० डॉलर होती ती २०२५ मध्ये २१.२५ वर आली. अशा वेळी नवा स्मेल्टर म्हणजे राष्ट्राभिमानासाठी पोसलेला तोटा.

खरेदीदार देशांचा दुटप्पीपणा याहून शांत आहे, म्हणून चर्चेत येत नाही. युरोपीय संघात कोको बियांवर आयातशुल्क शून्य. कोको पेस्टवर ९.६ टक्के, बटरवर ७.७, पावडरवर ८. सवलतीचा करार असलेल्या देशांना हे लागत नाही, बाकीच्यांना लागतं. ९.६ म्हणजे फार नाही, असं वाटेल. हिशेब करा. १०० रुपयांच्या पेस्टमध्ये ८० रुपयांच्या बिया धरल्या तर दळण्या-भाजण्याची कमाई २० रुपये. शुल्क लागतं १०० वर, म्हणजे ९ रुपये ६० पैसे. त्या २० रुपयांचा जवळजवळ निम्मा भाग सीमेवरच गेला. 'बिया खुल्या दिलाने पाठवा, दळायचं आम्ही बघू' असं हे धोरण, आणि वर हेच देश निर्यातबंदीविरुद्ध खटले भरणार. न्याय्य प्रवेश मागायचा तर दोन्ही दारं उघडी हवीत: माल बाहेर येण्याचं आणि तयार वस्तू आत येण्याचं.

आणखी एक गैरसमज म्हणजे 'आपली खाण असली की झालं'. गॅलियमची खाण नसते. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना जो द्राव फिरतो त्यातून ते चिमूटभर वेगळं करतात. जर्मेनियम जस्ताच्या भट्टीतून किंवा कोळशाच्या राखेतून मिळतं. मुख्य कारखाना बंद पडला तर हेही बंद, मग भाव कितीही चढो. रेअर अर्थमध्ये खाणीपेक्षा अवघड आहे ते एकमेकांना चिकटून बसलेली भावंडं वेगळी करणं. द्रावकाच्या टाक्यांच्या शेकडो पायऱ्या, त्यानंतर ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मग चुंबक. यातल्या एका पायरीवर एकाच देशाची पकड असली की खाण कुठेही असो, किल्ली त्या पायरीवर असते. युरोपच्या २०२४ च्या कच्च्या मालाच्या कायद्यात, २०३० पर्यंत एखाद्या सामरिक मालासाठी एकाच बाहेरच्या देशावर ६५ टक्क्यांहून जास्त अवलंबून राहायचं नाही, हे प्रक्रियेच्या प्रत्येक पायरीला लावलं आहे. उद्दिष्ट गाठलं जाईल की नाही ते पुढचं, पण मोजण्याची पद्धत बरोबर आहे.

साठ्याचंही तसंच. तेलाचा ९० दिवसांचा साठा ठेवता येतो कारण रिफायनरी शेजारी असते. डिस्प्रोशियम ऑक्साइडची पिंपं भरून ठेवली आणि देशात त्याचा धातू करणारा, चुंबक करणारा कोणीच नाही, तर ती पिंपं फक्त विम्याच्या कागदावर शोभतात. ज्या रूपात माल आपण वापरू शकतो त्याच रूपात तो साठवायचा. कारखान्याला चुंबक लागत असेल तर चुंबकच, लेप दिलेले, कोरड्या जागी.

खरेदी खात्यात बसणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट, जी करार करताना हटकून सुटते. एक्स-वर्क्स, म्हणजे विक्रेत्याच्या कारखान्याच्या दारातला, भाव स्वस्त दिसतो म्हणून घेतला, तर निर्यात परवाना काढण्याची जबाबदारी खरेदीदाराची. एफओबी (जहाजावर चढवून दिलेला माल) किंवा सीआयएफमध्ये (विमा आणि भाडं धरून) ती विक्रेत्याची. नंतर परवाना अडकला की विक्रेता 'फोर्स मेजर', म्हणजे आमच्या हाताबाहेरचं कारण, म्हणून हात वर करतो आणि भरलेली आगाऊ रक्कम वर्षभर लटकते. म्हणून परवाना नाकारला जाणं आणि परवाना रखडणं या दोन घटना करारात वेगवेगळ्या लिहाव्यात, रखडण्याला दिवसांची मर्यादा घालावी आणि ती ओलांडली की पैसे परत हे स्पष्ट असावं. माल कुठल्या शुल्क क्रमांकाखाली जातो तेही आधीच तपासावं. रेअर अर्थची संयुगं २८४६ मध्ये, धातूचे कायम चुंबक ८५०५.११ मध्ये. नियंत्रणाच्या यादीतलं वर्णन आणि हा क्रमांक नेहमी जुळत नाहीत, आणि माल सीमाशुल्काच्या टेबलावर अडकतो तो याच फटीत.

धान्याचा नियम तर याहून पातळ आहे. टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी कलम ११ मध्येच मान्य आहे. शेतीच्या करारातलं कलम १२ फक्त एवढं सांगतं की आधी कळवा आणि आयात करणाऱ्यांच्या पोटाचा विचार करा. जून २०२२ मध्ये एवढं ठरलं की जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीसाठी घेतलेल्या धान्यावर बंदी लावायची नाही. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू, पण त्या अधिसूचनेत एक ओळ होती जी जगातल्या प्रत्येक निर्यातबंदीत सक्तीची व्हायला हवी: अधिसूचना निघण्यापूर्वी जहाजात चढवायला सुरुवात झालेला माल जाऊ द्यावा. या ओळीला पैसे पडत नाहीत. ती नसली की बंदरात उभ्या जहाजाचं रोजचं थांबाभाडं, अडकलेलं बँकेचं पतपत्र आणि पलीकडे तांदळाची वाट बघणारा आयातदार, हे तिघं मिळून बंदीची किंमत भरतात. परवान्यांनाही तोच नियम लावा: अर्ज आधी, नियम नंतर, तर जुना नियम चालेल, आणि ४५ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवाना मिळाला असं धरलं जाईल.