कोठा कुणाचा, कमाई कुणाची?

"तवायफ ही तिच्या काळातली सर्वांत स्वतंत्र स्त्री. स्वतःच्या मर्जीने पेशात आलेली, हिंदुस्थानात सर्वांत जास्त कर भरणारी, नवाबजाद्यांना तहजीब, म्हणजे रीतभात, शिकवणारी. इंग्रज आले आणि त्यांनी तिला वेश्या करून टाकलं." लखनौच्या तवायफांबद्दलचा, म्हणजे कोठ्यावर नाचगाणं करणाऱ्या स्त्रियांबद्दलचा, या आशयाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो, आणि लोकप्रिय इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांचा सूरही तोच असतो. पूर्वी याच बायकांना बदफैली म्हणून एका ओळीत निकालात काढलं जाई, त्याची ही भरपाई म्हणायची. पण भरपाई करताना हिशेब चुकवायचं कारण नाही.

आधी कर. ही गोष्ट हवेतली नाही. इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी लखनौ नगरपालिकेच्या १८५८ ते १८७७ या काळातल्या करवह्या तपासल्या, तेव्हा नाचगाणं करणाऱ्या स्त्रिया सर्वांत वरच्या करगटात सापडल्या. १८५७ च्या उठावाला साथ दिली म्हणून जप्त झालेल्या मालमत्तांच्या याद्यांतही त्यांची घरं, बागा आणि दुकानं आहेत. इथवर सगळं खरं. पण या वह्या नवाबी संपल्यानंतरच्या, इंग्रजी अमलातल्या आणि एका शहराच्या आहेत. त्यावरून 'नवाबी काळात हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या करदात्या' हे कसं निघतं? दुसरं म्हणजे, कर भरणारीचं नाव वहीत येतं, तिच्या घरात कमावणाऱ्या मुलींचं येत नाही. कोठ्याची मालकीण चौधरायन. तिथल्या प्रत्येकीच्या कमाईतला मोठा वाटा तिच्याकडे जाई. तालीम, कपडे, दागिने, साथीचे वादक हा सगळा खर्च ती आधी करायची आणि मग तो वसूल करायची. करवहीतली श्रीमंती बहुतेक वेळा हिची असते, आणि आपण ती कोठ्यातल्या सगळ्यांच्या नावावर टाकून मोकळे होतो.

आता मर्जी. गंमत अशी, की या दाव्याचे समर्थक पुरावा म्हणून हमखास उमराव जानकडे बोट दाखवतात. ती मिर्झा हादी रुसवांच्या १८९९ सालच्या कादंबरीतली नायिका आहे, हे बाजूला ठेवू. पण त्या कादंबरीत तरी काय घडतं? फैजाबादच्या अमीरनला तिच्या बापावरचा सूड म्हणून लहानपणी पळवतात आणि लखनौत खानमला विकतात. हिला मर्जी म्हणायचं?

अर्थात सगळ्याच विकल्या गेल्या, असंही नाही. ओल्डेनबर्ग लखनौत ज्या उतारवयातल्या तवायफांशी बोलल्या, त्यांतल्या अनेकजणी सासरचा छळ आणि दारिद्र्य यांतून सुटून कोठ्यावर आल्या होत्या. कोठ्यावर मुलगी जन्मली की आनंद होई आणि मालमत्ता लेकीकडे जाई. आजूबाजूच्या सभ्य घरांत हे दोन्ही दुर्मीळ होतं. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, कारण तीतून कोठ्यापेक्षा त्या सभ्य घरांची जास्त परीक्षा होते. सासरपेक्षा कोठा बरा वाटला, एवढंच ती सांगते. 'सर्वांत स्वतंत्र' ही भर आपण घातलेली.

तहजीबीचं थोडक्यात. या दाव्याचा उगम उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांच्या जुन्या लखनौवरच्या लेखनात आहे: तवायफांची सोबत लाभल्याशिवाय माणूस सुसंस्कृत होत नाही, असं लोक म्हणत. शरर लगेच हेही लिहितात, की यामुळे नीती ढासळली असेल, पण रीतभात सुधारली. पुढे वजीर झालेल्या हकीम मेहदींना सुरुवातीला नजराण्यासाठी पैसा प्यारो नावाच्या तवायफेने पुरवला, हेही शररच सांगतात. असा दबदबा होता. पण त्यातून फी भरून मुलं पाठवायची शाळा उभी करणं ही आजची कल्पकता.

या मजकुराला हल्ली एक शेपूटही जोडलेलं असतं: हिंदुस्थानात ध्वनिमुद्रित झालेला पहिला आवाज गौहर जानचा. नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गैसबर्ग याने तिच्या आधी शशीमुखी आणि फणीबाला यांची गाणी मुद्रित केली. कोवळ्या वयाच्या या दोन नाचणाऱ्या मुलींचे आवाज त्याला भिकार वाटले आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. गौहर जान मोठी गायिका होती, प्रश्नच नाही. पण तिचे दागिने, बग्गी आणि तिने मांजरीसाठी दिलेल्या मेजवानीवर पानंच्या पानं खर्च होतात, आणि या दोघींना एक ओळ मिळायची मारामार. खुद्द गौहरचा शेवटही या पुस्तकांत घाईत उरकतात. कोर्टकचेऱ्यांत पैसा गेला, १९२८ मध्ये म्हैसूर दरबारची नोकरी धरली आणि १९३० च्या जानेवारीत ती तिथेच वारली.

राहिले इंग्रज. त्यांची बाजू घेण्याचं काहीच कारण नाही. १८५६ मध्ये अवध खालसा करून त्यांनी आश्रयदाता दरबारच मोडला. १८६४ आणि १८६८ च्या कायद्यांनी गोऱ्या सोजिरांचं गुप्तरोगांपासून रक्षण करण्यासाठी बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी लादली. पण 'नाच बंद करा' ही हाक कुणाची होती? १८९३ मध्ये मद्रासच्या हिंदू समाजसुधारकांनी व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना अर्ज केला, की अशा मेजवान्यांना जाऊ नका. दोघांनीही नकार दिला, आम्ही पाहिलेल्या नाचांत काही गैर नव्हतं म्हणाले! पुढे १९४० च्या दशकात, सरदार पटेल नभोवाणी खातं सांभाळत असताना, 'बदनाम' खासगी आयुष्याच्या गायिकांना रेडिओची दारं बंद झाली. तेव्हा दार लावणारे हात आपलेच होते.

आणि गोव्यात तर इंग्रज नव्हतेच. तिथल्या कलावंत समाजातल्या, म्हणजे देवळांत नाचगाणं करणाऱ्या घरांतल्या, मुलींचा शेंस हा लग्नासारखा विधी होई, देवळाशी आणि आश्रयदात्या यजमानाशी बांधलेलं आयुष्य त्यांच्या वाट्याला येई. ती प्रथा मोडायला उभी राहिली ती राजाराम पैंगीणकरांसारखी त्याच घरांत जन्मलेली माणसं, ज्यांच्या धडपडीतून गोमंतक मराठा समाज उभा राहिला. ज्यांनी हे आयुष्य आतून पाहिलं, त्यांना ते संपवायचं होतं. 'सर्वांत स्वतंत्र स्त्री'चा मजकूर लिहिणाऱ्यांच्या गोष्टीत या माणसांना जागाच नाही.