ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणणं थांबवा

फेब्रुवारी आला की 'मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा' असे फॉरवर्ड सुरू होतात. मला त्यांची खरोखर चीड येते. ज्या प्राण्यामुळे हे संशोधन उभं राहिलं, त्याची गोष्ट त्यात कुठेच नसते.

अमेरिकेतल्या गवताळ माळावर प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी राहतो. १९७० च्या दशकात इलिनॉयमध्ये प्राणिशास्त्रज्ञ लोवेल गेट्झ सापळे लावून त्यांची मोजदाद करत होते. तोच नर आणि तीच मादी पुन्हा पुन्हा एकत्र सापडायला लागले. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती शंभरात दहाही नाहीत, आणि इथे तर नर पिल्लांना ऊब देत घरट्यात बसतो! संशोधक सू कार्टर यांनी मग यामागची हार्मोन्स शोधायला घेतली. मादीत मुख्यतः ऑक्सिटोसिन पुढे आलं, नरात व्हॅसोप्रेसिन.

पण हीच हार्मोन्स प्रेअरी व्होलच्या चुलतभावात, मेडो व्होलमध्येही आहेत. तो मात्र समागम झाला की आपल्या वाटेने जातो. फरक आहे तो हार्मोन पकडणारे रिसेप्टर मेंदूत कुठे आहेत, यात. प्रेअरी व्होलमध्ये सुखाची जाणीव देणाऱ्या भागांत ते दाट असतात, त्यामुळे समागमाचं सुख त्या एका जोडीदाराच्या वासाशी जोडलं जातं. २००४ मध्ये लॅरी यंग यांच्या गटाने मेडो व्होल नरांच्या मेंदूत नेमक्या अशाच एका जागी व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरचं जनुक विषाणूमार्फत पोहोचवलं. ते नर ओळखीच्या मादीला बिलगून बसू लागले. एक जनुक, एक जागा!

ऑक्सिटोसिन आपल्याकडे लोकांना माहीत आहे ते बाळंतपणातल्या कळांसाठी, आणि गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात त्या इंजेक्शनमुळे. त्याचं जुनं काम तेच. आई-पिल्लाला बांधणारी ही यंत्रणा उत्क्रांतीने नर-मादीच्या नात्यालाही वापरली, असं मला पटतं.

(आणि हो, प्रेअरी व्होल जोडीबाहेरही समागम करतात. एकत्र राहणं वेगळं, एकनिष्ठता वेगळी.)

२०२३ मध्ये देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या गटांनी जनुक कापून ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. तरीही त्यांच्या जोड्या जमल्या. माद्यांना पिल्लं झाली, त्यांनी ती पाजलीसुद्धा, जरी कमी पिल्लं जगली. म्हणजे जोडी जमायला मेंदूत इतरही वाटा असणार. त्या कोणत्या, हे शोधणाऱ्यांची बातमी मला वाचायची आहे. एका रेणूवर सगळं प्रेम ढकलून नाकात मारायचे स्प्रे विकणाऱ्यांची नाही.