काशीस गेलेली कानटोपी

माझ्या बिलावर 'शेळीचे औषध – 150 रुपये' अशी एक ओळ आहे आणि ते बिल मी अजून पाकिटात जपून ठेवले आहे. निफाड तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रात दोन रात्री राहिल्याचे आणि पिठले-भाकरीचे पैसे मी हूं की चूं न करता दिले. या दीडशे रुपयांचा घास मात्र अजून घशाखाली उतरलेला नाही. ज्या शेळीला ते औषध पाजले, तिनेच माझी कानटोपी खाल्ली होती. टोपी माझी गेली, आणि दंडही मलाच झाला.

गेलो होतो पक्षी पाहायला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूरमधमेश्वर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचे 2020 साली जाहीर झाले, महाराष्ट्रातली या यादीतली ती पहिली पाणथळ जागा, आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदके उतरतात, एवढे मी वाचून ठेवले होते. पहाटे दुर्बिणीतून पाहिले तेव्हा धुके दिसले. दुर्बीण चांगली असल्यामुळे ते जरा मोठे दिसले, इतकेच.

निफाडची थंडी ही पुण्यात अंथरुणात बसून वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी दर डिसेंबरात येते आणि आपण चहाचा घोट घेत 'बाप रे' म्हणतो. प्रत्यक्षात तिथे गेल्यावर कळते की त्या गावात थंडीची चिंता असते ती द्राक्षांसाठी. मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकमधून पाणी सोडतात. द्राक्षांनंतर नंबर लागतो जनावरांचा. पाहुण्यांचा नंबर त्यानंतर कधीतरी लागत असावा. माझ्या मुक्कामात तो लागला नाही. उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे काशी नावाची काळी उस्मानाबादी शेळी रात्री भक्कम दाराच्या खोलीत बांधलेली असे, तिच्याखाली पोती अंथरलेली असत, आणि मी शेजारच्या खोलीत, जिच्या खिडकीची एक काच नव्हती. सकाळी बंबातले पहिले कढत पाणी गूळ घालून काशीला जाई, कारण ती गाभण होती. माझ्या वाट्याला जे पाणी आले, त्याला कोमट म्हणणे हा निव्वळ सभ्यपणा झाला असता.

दुसऱ्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी माझी कानटोपी अलगद, अगदी न्हाव्याच्या हलक्या हाताने, उचलली. वळून पाहिले तेव्हा टोपी बरीचशी आत गेली होती आणि काशीच्या ओठांतून तिची एक नाडी शेवईसारखी लोंबत होती. मी ओरडलो. माझ्या ओरडण्याने मालकांचे वडील धावत आले. त्यांना सगळे बाबा म्हणतात. त्यांनी ती नाडी हिसडून तोडून घेतली, काशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच तिला काही खाऊ घातले आहे.

"पाहुणे, टोपी लोकरीची होती का नायलॉनची?"

"लोकरीची. शुद्ध लोकर." रस्त्यावरच्या स्वेटरवाल्याने अडीचशे रुपये घेताना मला तसे शपथेवर सांगितले होते.

"बघू," असे म्हणून बाबांनी ती नाडी शेकोटीत धरली. जळक्या केसांचा वास यायला हवा होता. तो आला नाही. नाडी आकसली, वितळली आणि तिच्या टोकाला एक टणक काळा मणी तयार झाला. बाबांनी तो गार करून माझ्या तळहातावर ठेवला. "लोकर जळती, पाहुणे. ही विरघळली. आता हे पोटात पचायचं कसं?"

एका मिनिटात माझी टोपी गेली, माझी खरेदी खोटी ठरली आणि मी एका गर्भवतीवरचा विषप्रयोगी ठरलो.

"बाबा, पण माझी टोपी..."

"रंग कोणता होता?"

"निळा. का?"

"रंग सुटला म्हंजे?"

टोपीला गोंडा होता का, केवढा होता, कधी धुतली होती, डोक्याला कोणते तेल लावता, अशी ती उलटतपासणी मी थरथरत, उघड्या कानांनी दिली. तेल खोबऱ्याचे आहे असे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला. तेल पोटाला बरे, म्हणाले. माझ्या डोक्यावरील उरल्यासुरल्या केसांची निगा कोणाच्या तरी उपयोगी पडली, यात मी तेवढ्यापुरते समाधान मानून घेतले.

शेळी चटकन खरी आजारी पडली असती तर निदान मला तिची दया आली असती. पण तिला काही झाले नव्हते. तरीही तिचे पोट फुगते का, हे रात्रभर पाहायला हवे होते. चिरंजीव द्राक्षबागेत शेकोट्यांपाशी, बाबांना अंधारात नीट दिसत नाही, तेव्हा ती जबाबदारी 'टोपी ज्याची' या न्यायाने माझ्यावर आली. डाव्या कुशीवर पंजा ठेवायचा आणि मिनिटाला एक-दोनदा आतून पोट हलते का ते पाहायचे, आणि मुख्य म्हणजे रवंथ चालू आहे का ते बघायचे. पैसे भरून मुक्कामाला आलेला, भविष्य निर्वाह निधीचे हप्ते नियमित भरणारा एक मनुष्य रात्री दोन वाजता टॉवेलने कान बांधून शेळीच्या जबड्याकडे टॉर्च मारून बसला होता, आणि ती त्याच्याकडे पाहत, संथपणे, बहुधा त्याचीच टोपी पुन्हा चघळत होती.

पलीकडच्या खोलीतून दर तासाला आवाज येई, "पाहुणे, रवंथ चालू हाय ना?" मला थंडी वाजते का, हे त्या रात्री एकदाही कोणी विचारले नाही. जाहिरातीत 'अगदी घरच्यासारखे' असे लिहिले होते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

सकाळी औषधाची बाटली आली, काशीला पाजली गेली, आणि बिलात ती ओळ आली. मालकांनी माझ्या नजरेला नजर न देता म्हटले, "बाबांनी लिहायला सांगितलंय."

परवा बाबांचा फोन आला. काशी ठणठणीत आहे, आणि गव्हाणीत कडब्याखाली टोपीचा गोंडा सापडला, तो तिने खाल्लाच नव्हता. धुऊन ठेवलाय, पुढच्या खेपेला घेऊन जा, असे ते म्हणाले. मी दीडशे रुपयांचा विषय काढला.

"गोंडा टाकला तिनं," बाबा म्हणाले, "बाकीची टोपी तर आतच हाय ना?"