धुळीचं लिहायचं राहिलं, पण फटींचा दोष पॉलिशवर नको

नमस्कार, कमेंट दोनदा वाचली, तिखट आहे पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बिल्डिंगच्या लाकडी जमिनीसाठी बिनपॉलिशच्या हार्डवूड फळ्या घ्या आणि बसवल्यावर जागेवरच घासून पॉलिश करा हा माझ्या पोस्टमधला सल्ला नुसता हौशी, फॅक्टरीत पॉलिश झालेली फळी बसवली की लगेच चालता येतं, वर 25 वर्षांची वॉरंटी, घासताना उडणाऱ्या धुळीबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि तुमच्या ओळखीत असंच कच्च्या फळ्यांचं काम केलं तर वर्षभरात फटी पडल्या.

धुळीचं एकदम मान्य. सँडरला, म्हणजे घासायच्या मशीनला, व्हॅक्यूम जोडला तरी बारीक भुकटी कुठे कुठे जाऊन बसते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. दिवसही जातात, ऑइल बेस्ड पॉलियुरेथेन पॉलिशला दोन कोटांमध्ये साधारण एक दिवस, वॉटर बेस्डला काही तास, आणि ऑइलवालं पुरतं कडक व्हायला महिनाभर, तोवर गालिचा अंथरायचा नाही. (आणि लाकडाला तेल लावायला वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, हे तर मी आधीच लिहायला हवं होतं.) लोक राहत असतील तिथे तुमचाच सल्ला बरोबर, पोस्टमध्ये तसं टाकतो.

पण मी बोलत होतो ते रिकाम्या बिल्डिंगबद्दल, जिथे हॉल, लांब पॅसेज, जिना सगळं एकदम होतंय. तयार फळीच्या कडा किंचित तासलेल्या असतात ना, त्या कशासाठी? शेजारच्या दोन फळ्या केसभर वरखाली बसल्या तर ते डोळ्यात येऊ नये म्हणून. मग प्रत्येक सांध्याला बारीक चर राहतो आणि त्यात माती भरते. कच्च्या फळ्या आधी ठोकायच्या, मग सगळं एका पातळीत घासायचं आणि पॉलिश सांध्यांवरून सलग जातं, पायऱ्याही त्याच रंगात येतात.

वॉरंटीचा कागद एकदा नीट वाचा, बहुतेक ती कोट झिजून लाकूड उघडं पडण्याची असते, खुर्चीचे ओरखडे आणि ओल त्यात धरत नाहीत. तयार फळीवरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कोट चिवट असतो हे खरंच, सँडपेपरवरही तोच कण असतो, पण पुढे कधी घासायची वेळ आली की तोच चिवटपणा मिस्त्रीला रडवतो.

आता फटी. मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे आणि तिचा पॉलिशशी संबंध फार थोडा. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, म्हणजे रुंदीत फुगतं आणि आकसतं. रेड ओकची 125 मिमी रुंद साधी चिरलेली फळी धरा, तिच्यातली ओल 4 टक्के उतरली तर ती जवळपास 1.8 मिमी आकसते. तीच फळी क्वार्टर सॉन असेल, म्हणजे फळीच्या टोकाकडून बघितलं तर वाढीची वलयं उभी दिसतील अशी चिरलेली, तर 0.8 मिमीच्या आसपास. 57 मिमीची अरुंद पट्टी घेतली तर साध्या चिरणीतही फट तेवढीच बारीक राहते. म्हणून मी म्हणतो की आधी चिरणी आणि रुंदी बघा, जांकाचा, म्हणजे लाकडाच्या कठीणपणाचा, आकडा नंतर. तुम्ही हिकोरीचे 1820 आणि ओकचे 1290 दाखवलेत, पण तो आकडा स्टीलची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पाउंड जोर लागतो एवढंच सांगतो, फळी सरळ राहील का ते नाही. हिकोरी तर ओल बदलली की चांगलीच हलते.

आणि मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजायचं यंत्र. फळी आणि खालचा लाकडी थर यांच्यातल्या ओलीचा फरक अरुंद पट्टीला 4 टक्क्यांच्या आत हवा, रुंद फळीला 2 च्या आत. ओल्या प्लास्टरच्या बिल्डिंगमध्ये फळ्यांचे गठ्ठे आठवडाभर ठेवले आणि म्हटलं की लाकूड हवेला रुळलं, तर ते रुळत नाही हो, पाणी पितं, आणि बिल्डिंग सुकली की मग फटी. तयार फळी असती तरी पडल्याच असत्या.

त्या ओळखीच्या कामात फळ्या किती रुंद होत्या, आणि ठोकायच्या आधी कोणी मीटर लावला होता का, एवढं विचारून सांगाल का?