रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या तालमीच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. पोरं म्हणजे आता सगळी पन्नाशीची. मेसेज असा:

"फायब्रोमायल्जिया हा आजार नाहीच! सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठला? औषध कंपन्यांनी गोळ्या खपवायला काढलेलं नाव. आपल्या आज्ज्यांना कधी झाला होता का? रिकाम्या बायकांच्या मनाचं दुखणं आहे. पहाटे चारला उठा, अंग मोडेस्तोवर व्यायाम करा, एकवीस दिवस मेथीचे लाडू खा, मुळासकट बरं होतं. दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल."

खाली अंगठ्यांची रांग आणि एकाचं "शंभर टक्के खरं हाय मर्दा". दोन दिवसांत हेच बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरून आलं, मार्केट यार्डातल्या एका हमालानं दाखवलं, आणि पुण्याच्या मेहुण्यानं पाठवलं. त्यानं वर लिहिलं होतं, "दाजी, वाचा."

वाचलं. फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोन्महिने अंगभर दुखणं. मला ते सात वर्षं आहे. मी बाई नाही, आणि रिकामा तर मुळीच नाही. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. डॉक्टर नाही, पण सात वर्षं एखादी गोष्ट अंगात घेऊन हिंडलं की माणूस तिच्याबद्दल वाचतो, विचारतो, तज्ज्ञांच्या पुढ्यात बसून शंका काढतो. त्या जोरावर लिहितोय.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठला?"

खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं मलाही हेच वाटायचं. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, थायरॉईड, कॅल्शियम, मानेचा एक्सरे, कमरेचा एक्सरे. फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर तेच. घरचे खूष व्हायचे आणि मी मनातून खट्टू. आपला चांगला रिपोर्ट बघून ज्याचं तोंड उतरतं त्याला लोक काय म्हणणार? एका दवाखान्यात तर मला सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही, बिनधास्त जावा." बिनधास्त घरी आलो आणि जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरला.

पण या तपासण्या मोजतात काय, हे कुणी विचारत नाही. ईएसआर आणि सीआरपी अंगात दाह आहे का ते सांगतात. एक्सरे हाड दाखवतो. फायब्रोमायल्जियात सांध्यात दाह नसतो आणि हाडाची झीजही नसते. बिघाड असतो तो दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जातो त्या यंत्रणेत. ती निरोप फुगवून देते. अडतीवरच्या माणसाला हे काट्यावरून चटकन कळेल. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तीस किलोचा आहे आणि काटा दाखवतोय पन्नास. आता तुम्ही रवा फोडा, चाखा, लॅबला पाठवा, गूळ चोखच निघणार. खोट काट्यात आहे. आणि काटा चुकलाय म्हणून त्यावर दिसणारा पन्नासचा आकडा कुणाला दिसतच नाही असं थोडंच आहे?

हा काटा कुणी तपासलाय का? तपासलाय. २००२ साली अमेरिकेत ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. निरोगी माणसाला ज्या दाबानं नुसतं दाबल्यासारखं होतं, त्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं पेटत होती. निरोगी माणसाला तितकंच दुखायला दाब बराच वाढवावा लागला. त्याआधी १९९४ साली रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात 'सबस्टन्स पी' हे वेदनेचा निरोप नेणारं रसायन निरोगी माणसांच्या जवळपास तिप्पट सापडलं होतं. कण्यातून पाणी काढण्याची तपासणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही, म्हणून ती तुमच्या-माझ्या फाईलीत नसते.

मला स्वतःला पुरावा मिळाला तो बीपीच्या पट्ट्यानं. दंडावर तो फुगायला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. सिस्टर म्हणाली, "अहो काका, एवढं काय?" आणि कोल्हापुरात राहणाऱ्याला दुसरा पुरावा रोज मिळतो. इथं प्रेम पाठीवर थाप मारून दाखवतात. "काय भावा!" म्हणून महाद्वार रोडवर कुणी जुन्या दोस्तानं थाप मारली की हसायचं, चहाला हो म्हणायचं आणि पाठीतली ठिणगी मानेपर्यंत चढून खाली उतरेपर्यंत कपबशी टेकवून ठेवायची. पूर्वी हीच थाप खाऊन मी उलटी दोन हाणायचो.

मग निदान कसं होतं? अंगाच्या बऱ्याच भागांत, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, किमान तीन महिने दुखणं. जोडीला झोपून उठल्यावरही न जाणारा थकवा आणि विसराळूपणा. डॉक्टर हे अंक देऊन मोजतात, त्याचे २०१० साली ठरलेले आणि २०१६ साली सुधारलेले निकष आहेत. रक्ताच्या तपासण्या होतात त्या थायरॉईड, आमवात असं दुसरं काही निसटू नये म्हणून. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट निदानाच्या विरोधात जात नाही, निदानाच्या वाटेवरचा टप्पा आहे. उलट सांधे सुजत असतील, ताप येत असेल, वजन आपोआप उतरत असेल, हातापायातली ताकद जात असेल, तर "मलाही तेच असेल" म्हणून बसू नका. तो मामला वेगळा असू शकतो.

"औषध कंपन्यांनी काढलेलं नाव."

इथं थोडं थांबून तारखा बघू. कंबर आणि स्नायूंच्या अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव गॉवर्स या इंग्रज डॉक्टरनं १९०४ साली दिलं. नाव चुकीचं होतं, कारण त्यात दाह गृहीत धरला होता आणि पुढं तो कुठंच सापडेना. म्हणून १९७०च्या दशकात ते बदलून फायब्रोमायल्जिया झालं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी निकष ठरवले १९९० साली. आणि या आजारासाठी म्हणून तिथल्या सरकारी यंत्रणेनं पहिली गोळी मंजूर केली २००७ साली, प्रीगॅबालिन. गोळी खपवायला शंभर वर्षं आधी आजार काढून ठेवणारी कंपनी असेल तर मला तिचे शेअर घ्यायचेत. त्या गोळ्यांची जाहिरात पुढं भरपूर झाली, हे मात्र खरं. त्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, हेही खरं.

आणि आज्ज्यांचं म्हणाल तर माझी आजी रोज संध्याकाळी "हाडं मोडून आल्यात गं बाई" म्हणत चुलीपुढं बसायची. तिला काय होतं हे आता कळणार नाही. तेव्हा तरी कुठं कुणी विचारलं होतं!

"रिकाम्या बायकांच्या मनाचं दुखणं."

बायकांत हा आजार जास्त दिसतो. पण किती जास्त, यात मोजायच्या पद्धतीचीही गंमत आहे. १९९०च्या निकषात अंगावरच्या अठरा ठिकाणी बोटानं दाबायचे, अकरा ठिकाणी दुखलं तर आजार. दाबाची वेदना बायकांना सरासरीनं लवकर जाणवते, त्यामुळं पुरुष त्या गाळणीतून बाहेर पडायचे. २०१० साली ते बोटानं दाबून ठिकाणं मोजणं काढून टाकलं आणि निदान होणाऱ्यांत पुरुषांचा वाटा वाढला. पैलवानांच्या गावात तर पुरुष सांगतच नाही. मी तीन वर्षं तपासण्या करत होतो, पण किती दुखतं ते घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला वाटायचं, यार्डातून येऊन हा गप्प बसतो म्हणजे पैशाचं काहीतरी झालंय.

मनाचं म्हणाल, तर मला डॉक्टरांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलीन लिहून दिली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं, आवाज खाली आणून म्हणाला, "डिप्रेशनची हाय ही. घरात काय टेन्शन हाय काय?" मागं तीन गिऱ्हाइकं उभी. मी गोळी न घेता परत आलो. आठवड्यानं डॉक्टरांनी समजावलं: मेंदूकडून खाली येणाऱ्या आणि वेदनेचा आवाज कमी करणाऱ्या नसा ज्या रसायनांवर चालतात, त्यांवरच ही गोळी काम करते. नैराश्यासाठी देतात त्याहून बरीच कमी मात्रा, झोप आणि वेदना दोन्हींसाठी. काट्याची ही थोडी दुरुस्ती. या आजारात नैराश्य येतं का? येतं, पुष्कळांना येतं. रोज दुखत असताना रोज "काही झालेलं नाही" ऐकायला मिळालं तर आणखी काय येणार? पण म्हणून नखावरचा दाब मनानं वाढत नाही.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. "पहाटे चारला उठा, अंग मोडेस्तोवर व्यायाम करा."

या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, कारण त्यात अर्धं खरं आहे. मी हे करून बसलोय. आमचे वस्ताद म्हणायचे, अंग मोडल्याशिवाय अंग बनत न्हाई. विशीत ते खरं होतं. म्हणून पंचेचाळिशीत, दुखणं सुरू झाल्यावर एका रविवारी पहाटे चारला उठलो, तालमीत गेलो, लंगोट लावला, पन्नास जोर आणि शंभर बैठका मारल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लाल मातीचा वास, तेलाचा वास, पोरांनी "काका, नाद खुळा" म्हणणं. गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध प्यालो. सोमवारी उठलो तर कंगवा धरवेना. मंगळवारी अंगावरची चादर जड लागायला लागली, नुसती चादर. यार्डात गेलो तो शुक्रवारी. जोर मारल्यावर दंड भरतात, तसं हे नव्हतं. ते दुखणं कुठलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या धंद्यात शेतकरी हंगामाआधी अडत्याकडून उचल घेतो आणि मग ती पट्टीतून, म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशेबातून, कापली जाते. या आजारात बरा दिवस म्हणजे अशी उचल. त्या दिवशी वापरलेली ताकद पुढच्या चार दिवसांतून व्याजासकट कापून जाते. आणि चार दिवस अंथरुणात पडलं की अंग आणखी ढिलं होतं, मग पुढच्या खेपेला त्याहून कमी कामानंही तीच गत. याच फेऱ्यात माझं एक वर्ष गेलं.

सोडवलं एका फिजिओथेरपिस्ट पोरीनं. तिनं विचारलं, "काका, अगदी वाईट दिवशी किती चालू शकता?" म्हटलं, दहा मिनिटं. "मग पाच चालायचं. बऱ्या दिवशीसुद्धा पाचच." रंकाळ्याच्या टॉवरपासून मोबाईलवर गजर लावून पाच मिनिटं. गजर वाजला की थांबायचं, कितीही पुढं जावंसं वाटलं तरी. सत्तरीतल्या आज्ज्या गप्पा मारत मला मागं टाकून जायच्या. आयुष्यात मेहनत पुष्कळ केली, पण गजर वाजल्यावर थांबणं याच्याएवढी अवघड कुठलीच वाटली नाही. दोन आठवड्यांनी सात मिनिटं केली, मग नऊ. मध्ये व्हायरल ताप आला, परत पाचावर. वर्षानं पंचवीस मिनिटं झाली, आता तीसवर आहे.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली या आजाराचे सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली आणि ती गोळीची नव्हती, व्यायामाची होती. म्हणजे मेसेजमधला 'व्यायाम' हा शब्द बरोबर. 'अंग मोडेस्तोवर' या शब्दांनी तो वाया घालवला. हे वाचून कुणी बिचारा एका दिवशी जीव तोडून करतो, आडवा होतो, आणि व्यायामाचं नावच टाकतो.

आणि पहाटे चार! १९७५ साली टोरोंटोत मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट माणसांना गाढ झोपेत गेलं की आवाज करून तिथून बाहेर काढलं. पूर्ण जागं करायचं नाही, फक्त गाढ जाऊ द्यायचं नाही. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं. इथं ज्याला आधीच गाढ झोप मिळत नाही, त्याची उरलीसुरली पहाटही काढून घ्यायची? झोप कच्ची राहिली की माझं डोकं काय करतं ते यार्डात सगळ्यांनी बघितलंय. सौदा सुरू होता, वीस वर्षं ज्याच्या पट्ट्या लिहितोय तो शेतकरी समोर उभा, आणि मी पेन धरून बसलो, त्याचं नावच येईना. शेवटी "बोला पाहुणं" म्हणून वेळ मारून नेली. त्याच दिवशी अडतीस रव्यांच्या जागी त्र्याऐंशी लिहिले. त्यानंच चूक दाखवली, म्हणून निभावलं. आता मी रोज ठरल्या वेळी झोपतो आणि सहाला उठतो, आणि आकडे मोठ्यानं म्हणून लिहितो. पोरं हसतात.

राहिलं "मुळासकट बरं होतं". नाही होत. लाडवानं नाही आणि गोळीनंही नाही. दुखणं कमी होऊ शकतं, एवढंच. यात सांधे वाकडे होत नाहीत, यानं माणूस मरत नाही, हे मात्र डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझ्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या. नेहमीच्या सूज उतरवायच्या गोळ्या यात फारशा चालत नाहीत, उतरवायला सूजच नसते. स्टिरॉईडही नाही. तेव्हा "चार दिवसांत मोकळं करतो" म्हणून बिननावाच्या पुड्या कुणी देत असेल, तर त्यात काय आहे हे विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

मेथीचे लाडू बायकोनं केलेत, मेसेज वाचूनच. एकवीस दिवस व्हायला अजून नऊ आहेत आणि डब्यात चारच उरलेत, कारण थोरला येता-जाता उचलतो. त्याचं काहीच दुखत नाही.